ग्रामसभेत पहिलं बोलणं

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात नव्याने निवडून आलेल्या सरपंचबाईंपुढे पंधरा ऑगस्टची ग्रामसभा येऊन ठेपली होती. निवडणूक त्यांनी दारोदार फिरून जिंकली होती. कुणाच्याही उंबऱ्यावर उभं राहून चार बायकांशी बोलणं त्यांना कधी जड गेलं नव्हतं. पण समाजमंदिरात माइक हातात घेऊन भरल्या सभेपुढे जमाखर्च मांडायचा म्हटल्यावर त्यांनी घरात सांगून टाकलं, "वाचायचं ते ग्रामपंचायत अधिकारी वाचतील, बोलायचं ते आमचे हे बोलतील. मी खुर्चीत बसेन."

त्यांच्या सासूबाईंना हे मुळीच रुचलं नाही. हायस्कुलात मराठी शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धांना मुलं उभी करणं हे त्यांचं खास काम होतं. त्यांच्या बहिणीचा मुलगा पुण्यात मानसोपचारतज्ज्ञ आहे. तो दोन दिवसांसाठी गावी आला होता. ओसरीवर चहा झाला, विषय निघाला आणि मावशी-भाच्याची जुंपली.

"भीती कसली त्यात?" मावशी म्हणाल्या. "तयारी कच्ची असली की भीती वाटते. भाषण लिहून काढायचं, मोठ्यानं वाचायचं, पाठ करायचं, आरशासमोर म्हणायचं. वीस वेळा म्हटलं की एकविसाव्या वेळी तोंडातून आपोआप येतं. माझी मुलं अशीच तयार झाली."

"जी तयार झाली ती तुला आठवतात, मावशी. स्पर्धेचं नाव काढल्यावर ज्यांच्या पोटात दुखायचं, ती कुठे गेली?"

मावशी गप्प राहिल्या नाहीत. कागद न घेता तास-तास बोलणारी माणसं याच मातीत झाली, हे त्यांनी ऐकवलं. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य शिवाजीराव भोसले यांची व्याख्यानं त्यांनी तरुणपणी ऐकली होती. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून चालते आणि लोक उन्हाळ्यात आपणहून दुसऱ्याचं बोलणं ऐकायला जातात, याचा त्यांना अभिमान होता. वक्तृत्व ही साधना आहे आणि साधनेत पाठांतराला पर्याय नाही, असं त्यांचं मत.

डॉक्टरांना ही परंपरा प्रियच होती, पण तिची दुसरी बाजू त्यांना रोज दवाखान्यात दिसते. मराठी माणसाने इतकी रसाळ व्याख्यानं ऐकलेली असतात की भाषण म्हणजे सुभाषितं, संतवचनं, टाळ्यांची वाक्यं असं त्याच्या मनात पक्कं बसतं. मग सोसायटीच्या वार्षिक सभेत गळक्या टाकीविषयी दोन वाक्यं बोलायलाही तो उठत नाही. आपल्याला 'भाषण येत नाही' ना! या निरीक्षणात बरंच तथ्य आहे. ग्रामसभेत जमाखर्च मांडायला रसाळपणा लागत नाही, पण सरपंचबाई स्वतःला मोजत होत्या त्या व्याख्यात्यांच्या मापाने.

"शरीरात काय होतं ते आधी समजून घे," डॉक्टर म्हणाले. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये माणसावर ताण आणण्याची एक ठरावीक पद्धत बसवली गेली आणि जगभरच्या प्रयोगशाळा अजून तीच वापरतात. ना विजेचा झटका, ना बर्फाचं पाणी. माणसाला थोडा वेळ देऊन भाषण तयार करायला सांगतात. त्याने काढलेलं टिपण ऐन वेळी काढून घेतात आणि परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोलायला लावतात. चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही, मान डोलवायची नाही, हे परीक्षकांना शिकवलेलं असतं. त्यानंतर पाच मिनिटं तोंडी वजाबाकी: १०२२ मधून १३ वजा करत जायचं, चुकलं की पुन्हा १०२२ पासून. एवढ्यावर बहुतेकांचे ठोके वाढतात आणि लाळेत कॉर्टिसोल नावाचं ताणाचं संप्रेरक चढलेलं सापडतं.

"म्हणजे शास्त्रज्ञांना माणूस घाबरवायचा होता, तर त्यांनी वक्तृत्व स्पर्धा भरवली," डॉक्टर म्हणाले. "कोरे चेहरे, गुण देणारे लोक, हातातला कागद काढून घेतलेला. आपण शाळेत मुलांना पहिल्यांदा बोलायला उभं करतो ते नेमकं असंच."

मावशींना हे लागलं. पण त्यांनी धरलेला मुद्दा हुशारीचा होता. "तुझ्या प्रयोगात कागद काढून घेतला म्हणून माणूस घाबरला. म्हणजे तयारी हिसकावून घेतली म्हणून. हे माझ्याच बाजूचं झालं की!"

डॉक्टरांनी हसून मान्य केलं, पण हट्ट सोडला नाही. भीतीवर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर थोडं थोडं, पुन्हा पुन्हा जाणं, हे वर्तनोपचारांनी कधीच दाखवून दिलंय, असं त्यांनी सांगितलं. त्याच ट्रिअर पद्धतीने २० पुरुषांची पाच दिवस रोज परीक्षा घेतली गेली. त्यातल्या १३ जणांचं कॉर्टिसोल पहिल्या दिवशी चढलं, दुसऱ्या दिवसापासून ते खाली आलं. एकदा त्याच खोलीत जाऊन आल्यावर शरीराला कळलं की इथे कुणी खात नाही.

"आणि उरलेले सात?" मावशींनी विचारलं. पेपर तपासणाऱ्या शिक्षिकेचं लक्ष बेरजेकडे जायचंच.

उरलेल्या सात जणांचं कॉर्टिसोल पाचही दिवस चढतच राहिलं. डॉक्टरांना हे सांगावं लागलं आणि संवादाला पहिलं खरं वळण इथे मिळालं. सवयीने भीती जाते हे बहुतेकांच्या बाबतीत खरं, सगळ्यांच्या नाही. मग ज्यांची जात नाही त्यांनी काय करायचं? खुर्चीत बसून राहायचं?

मावशींनी गांधीजींचं नाव काढलं. लाजरा मुलगा मोठा वक्ता झाला, एवढीच गोष्ट त्या वर्गात सांगत आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "पूर्ण गोष्ट बघ. ती इतकी सरळ नाही."

गांधीजींनी आत्मकथेत आपल्या लाजाळूपणावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर असताना ते बैठकीत तोंड उघडत नसत. एका सदस्याला काढून टाकण्याचा प्रश्न आला तेव्हा त्यांचं मत ठाम होतं, ते त्यांनी लिहूनही आणलं, पण वाचायला उठवेना. शेवटी ते दुसऱ्याने वाचलं. व्हेंटनर या गावी एका सभेत ते हातात कागद घेऊन उभे राहिले तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाय कापू लागले, तेव्हाही सोबत्याने वाचून दाखवलं. १८९१ मध्ये भारतात परतण्यापूर्वी त्यांनी हॉबर्न रेस्टॉरंटमध्ये मित्रांना निरोपाचं जेवण दिलं. त्यासाठी मोजकी वाक्यं मोठ्या काळजीने तयार केली होती, त्यातलं पहिलंच कसंबसं बाहेर पडलं आणि पुढचं आठवेना. आभार मानून ते बसले. मुंबईत वकिली सुरू केल्यावर स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला मिळाला. साक्षीदाराला प्रश्न विचारायला ते उभे राहिले, डोकं गरगरलं आणि एकही प्रश्न सुचला नाही. घेतलेली ३० रुपये फी परत करून ते कोर्टातून निघून गेले.

नंतर १८९३ मध्ये प्रिटोरिया. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांना एकत्र करून ते व्यापारातली सचोटी, स्वच्छता आणि गोऱ्यांच्या राज्यात होणारे हाल यांवर बोलले. आयुष्यातलं आपलं पहिलं जाहीर भाषण असं त्यांनी त्याला म्हटलं आहे आणि ते बऱ्यापैकी जमलं.

"हेच तर!" मावशी म्हणाल्या. "सांगण्यासारखं काही होतं म्हणून जमलं."

"मलाही तसंच वाटायचं," डॉक्टर म्हणाले. "पण तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, मुंबईत काय झालं?"

दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची स्थिती देशाला सांगायला गांधीजी आले होते. तोवर तिथे तीन वर्षं काम झालेलं, विषय तळहातासारखा माहीत. मुंबईचे पुढारी फिरोजशहा मेहता यांनी सर कावसजी जहांगीर इन्स्टिट्यूटच्या सभागृहात सभा ठरवली आणि आदल्या दिवशी बजावलं की भाषण लिहूनच आणायचं. रातोरात ते छापूनही घेतलं गेलं. सभागृह खच्चून भरलं. गांधीजी वाचायला उभे राहिले, अंगाला कंप सुटला आणि आवाज पार खाली गेला. मेहता मोठ्याने बोला म्हणून सांगत राहिले, तसतसा आवाज अधिकच बसत गेला. मित्र केशवराव देशपांड्यांनी कागद हातात घेतला, पण लोकांनी दुसरे पुढारी दिनशा वाच्छा यांच्या नावाचा गजर केला. मग वाच्छांनी ते भाषण वाचलं, सभा शांत झाली आणि टाळ्या पडल्या.

या प्रसंगाकडे फार कमी लोक थांबून पाहतात. प्रिटोरियात भीती गेली असती तर ती मुंबईत परत आली नसती. सांगण्यासारखं होतं, सराव होता, हातात छापील कागद होता, तरीही कंप आला. आणि त्याच वेळी हेही तितकंच खरं की सभा वाया गेली नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांचं म्हणणं मुंबईपर्यंत पोचलं, कारण ते लिहिलेलं होतं आणि दुसऱ्याला वाचता येण्याइतकं स्पष्ट होतं. मेहतांनी तरुण बॅरिस्टरला बरं ओळखलं होतं म्हणायचं! पुढे गांधीजी लाखोंच्या सभांपुढे बोलले ते याच हळू, अलंकार नसलेल्या आवाजात. संकोचामुळे आपण शब्द जपून वापरायला शिकलो, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

दोघांपैकी कुणाचीच बाजू इथे पुरती जिंकत नाही. मावशींचं पाठांतर हॉबर्नच्या जेवणात फसलं. डॉक्टरांचा सराव मुंबईच्या सभेत अपुरा पडला. भीती जाईल तेव्हा बोलू असं ठरवलं असतं तर गांधीजी कदाचित कधीच उभे राहिले नसते. त्यांनी भीती धरूनच उठायचं ठरवलं आणि काम मात्र अडू दिलं नाही. सरपंचबाईंना उपयोगी पडेल असं काही असेल तर ते यात आहे.

त्या इतका वेळ आतल्या खोलीच्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. "भाऊजी, पण हात थरथरतात ते लोकांना दिसतं त्याचं काय?"

"वहिनी, तुम्हाला वाटतं तितकं दिसत नाही." अमेरिकेतल्या सावित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांचं २००३ मधलं संशोधन डॉक्टरांनी सांगितलं. बोलणाऱ्याला वाटतं की आपली धडधड सगळ्यांना कळतेय, ऐकणाऱ्यांना मात्र ती फारच कमी जाणवते. विशेष म्हणजे भाषणाआधी काही विद्यार्थ्यांना एवढी एकच गोष्ट समजावून सांगितली, तर त्यांची भाषणं त्यांना स्वतःलाही आणि ऐकणाऱ्यांनाही अधिक चांगली वाटली. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये असंच काहीसं दाखवलं. बोलण्याआधी 'मी शांत आहे' असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा 'मला हुरूप आलाय' असं म्हणणारे अधिक चांगलं बोलले. धावणारं काळीज दाबून शांत करणं कठीण. त्याच धावेला उत्साहाचं नाव देणं त्यामानाने सोपं.

मावशींना हे पटलं. स्पर्धेच्या दिवशी मुलांना 'घाबरू नकोस' असं सांगितल्यावर ती जास्तच घाबरायची, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं.

गोळीचाही विषय निघाला. गावातल्या कुणीतरी सुचवलं होतं की पुण्यात थरथर थांबवायची गोळी मिळते. डॉक्टर एकदम गंभीर झाले. प्रोप्रानोलॉलसारखी औषधं ठोके आणि कंप कमी करतात, काही कलावंत ती घेतातही, पण दम्याच्या रुग्णाला ती धोक्याची ठरू शकतात आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कुणीही घेऊ नयेत. भीतीने माणूस नोकरी, शिक्षण सोडू लागला, घराबाहेर पडेनासा झाला, तर तो सामाजिक भयगंड असू शकतो. त्यावर उपचार आहेत आणि ते घ्यावेत. सरपंचबाईंचं तसं काही नव्हतं.

त्यांचं दुखणं निराळंच होतं आणि ते त्यांनी हळूहळू सांगितलं. "आई, माइकची भीती थोडीशीच आहे. माझा दीर समोर बसणार, चुलतसासरे बसणार. त्यांच्यासमोर मी आजवर डोक्यावरचा पदर पडू दिला नाही. आता त्यांना म्हणायचं, तुमची पाणीपट्टी थकलीय? आणि वरच्या आळीचा तो माणूस उठून विचारणारच, टाकी बांधून झाली तरी आम्हाला पाणी का नाही? मला उत्तर आलं नाही तर लोक हसतील ते हसतील, घरी आल्यावर काय ऐकावं लागेल?"

ओसरीवर आतापर्यंत झालेल्या चर्चेत हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. ट्रिअरचे परीक्षक पाच मिनिटांनी निघून जातात, घरचे परीक्षक रात्री ताटावर भेटतात. पुरुषाला सभेचं भय वाटतं ते सभेपुरतं. बाईचं भय सभेतून उठून तिच्यामागे घरी येतं, आणि त्यावर आरसा किंवा श्वासाचा व्यायाम पुरा पडत नाही.

मावशींना रमाबाई रानडे आठवल्या. रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे की मुलींच्या हायस्कूलसाठी पुण्यात भरलेल्या सभेत, गव्हर्नरांसमोर, त्यांनी इंग्रजीतून मानपत्र वाचलं. सभेत ते नीट पार पडलं. खरी परीक्षा घरी झाली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना टोचून टोचून नकोसं केलं. पती न्यायमूर्ती रानड्यांचा पाठिंबा होता म्हणून त्या टिकल्या आणि पुढे आयुष्यभर सभा गाजवत राहिल्या.

"मग घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं काय करायचं ते मला कळलं," मावशी म्हणाल्या. "सभेनंतर तुझ्या दिराला मी बघून घेईन. तुझ्या नवऱ्यालाही सांगते, त्यानं मागे बसायचं, पुढच्या रांगेत नाही. तू अडलीस की तो बोलायला उठेल, आणि एकदा उठला की पाच वर्षं तोच बोलेल."

डॉक्टरांना हे थोडं कडक वाटलं. ओळखीचा, मान डोलावणारा एक चेहरा समोर असला तर बोलणाऱ्याला धीर येतो, म्हणून नवऱ्याने पुढे बसावं असं त्यांचं म्हणणं. मावशी म्हणाल्या, मान डोलवायला मी बसते की. हा वाद मिटला नाही, आणि खरं तर तो घरोघरचा आहे. संविधानाची ७३वी दुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. खुर्ची कायद्याने दिली. त्या खुर्चीतून आवाज कुणाचा यायचा हे अजून पुष्कळ गावांत ठरायचं आहे.

वाट मात्र कायद्यातच सापडली. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी गावातल्या स्त्री मतदारांची वेगळी महिला सभा घ्यायची असते. अनेक गावांत ती रजिस्टरात सह्या घेऊन उरकतात. डॉक्टर म्हणाले, वहिनींनी ती खरोखरीची भरवावी. ग्रामसभेत मांडायचं ते सगळं आधी तिथे मांडावं, त्याच समाजमंदिरात, तोच माइक घेऊन. समोर त्याच बायका असतील ज्यांच्या उंबऱ्यावर त्या आरामात बोलल्या होत्या. वरच्या आळीच्या बायका पाण्याचं विचारतीलच. म्हणजे अवघड प्रश्न दोन दिवस आधी हातात येतो, आणि पंधरा ऑगस्टला निदान अर्धी सभा ओळखीची असते.

पाठांतराचा निवाडाही तिथेच झाला, तो मावशींनीच केला. सगळं भाषण पाठ करायचं नाही, कारण मध्येच एक शब्द निसटला की मागची सगळी ओळ कोसळते. पहिली तीन वाक्यं मात्र झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. नमस्कार, सभेचा विषय, आणि 'आधी पाण्याचं बोलू'. घशाची कोरड त्या तीन वाक्यांत ओसरते. पुढे वहीच्या एका पानावर मोठ्या अक्षरात मुद्दे: मागच्या सभेचं इतिवृत्त, जमाखर्चाचे चार मोठे आकडे, पाणीपट्टीची थकबाकी, टाकीचं राहिलेलं काम आणि ते कुणाकडे अडलंय. आकडे कागदावर बघून सांगायचे, त्यात कमीपणा नाही. उलट हिशेब पाठ म्हणणाऱ्या सरपंचावर गाव विश्वास ठेवत नाही. कागद हातात धरला तर थरथर दिसते, म्हणून वही टेबलावर ठेवायची, ही सूचना डॉक्टरांची. माइक आधी जाऊन चालू करून पाहायचा, स्वतःचा आवाज एकदा ऐकायचा. पहिल्या वाक्याआधी सावकाश श्वास सोडायचा, घ्यायच्या आधी सोडायचा.

"आणि उत्तर नाही आलं तर?" सरपंचबाईंचा जुना प्रश्न शिल्लक होता.

"ते आत्ताच बघू," म्हणत मावशी उठल्या. अंगणात पार तुळशीपाशी जाऊन त्यांनी वरच्या आळीच्या त्या माणसाच्या चढ्या आवाजात विचारलं, "ओ सरपंच, टाकीला पैसा किती आला, खर्च किती झाला, अन् उरलेला गेला कुठं?"

सूनबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी वहीकडे पाहिलं, मग सासूकडे. "आलेली रक्कम वहीत आहे, ती सांगते," त्या अडखळत म्हणाल्या. "ठेकेदाराचं शेवटचं बिल किती ते मला आत्ता माहीत नाही. ग्रामपंचायत अधिकारी इथंच आहेत, त्यांनी दप्तर काढून याच सभेत वाचून दाखवावं. वाचल्याशिवाय सभा संपवणार नाही."

"आवाज पोचला नाही," मावशी तुळशीपासून ओरडल्या. "पुन्हा सांग. आणि 'माहीत नाही' हे खाली बघून म्हणायचं नाही, माझ्याकडे बघून म्हण."